तू सांगितलेले शेवट

तांडापेठ, नागपूर
१० जून १९८५

दादा,

वर मायना घातलेला नाही. बारा वर्षांत तुझं एक अक्षर नाही, त्यामुळे 'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही आणि 'प्रिय' लिहावं तर तुलाच हसू येईल. भिलाईचा हा पत्ता तू बाबांच्या तेराव्याला दिला होतास. अजून तिथेच असशील असं धरून चालते.

आधी कामाचं. आई पडली. मोरीत पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात जुळायचं नाही. डोळे मोतीबिंदूने आधीच गेल्यात जमा आहेत. उजेड कुठे आहे तेवढं कळतं. पुढच्या खोलीत खाटेवर असते. तू यावंस असं मी म्हणत नाही. उद्या कळवलं नाही म्हणू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

आता दुसरी बातमी. आमच्याकडे टीव्ही आला. ह्यांनी सीताबर्डीवरून आणला, लाकडी दारं सरकवून बंद करायचा. घरजावई म्हणून गल्ली यांना चिडवायची, आता तीच गल्ली रविवारी संध्याकाळी यांच्या दारात चपला काढते. ठेवायला जागा नव्हती. शेवटी बाबांच्या मागाचा खड्डा आहे ना, त्यावर फळ्या टाकल्या आणि तिथेच स्टूल मांडून ठेवला. माग तर केव्हाच मोडला. वाडीच्या गोदामात हे ट्रकच्या पावत्या फाडतात, घरात आता धोटा कोणालाच धरता येत नाही.

काल तो दीपगृहाचा सिनेमा लागला होता. आठवतो का? तू आम्हाला सांगितला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. बाबा बायकांना टॉकीजमध्ये जाऊ देत नव्हते, त्यामुळे आमचा सगळा सिनेमा तुझ्या तोंडून आला. तू खांबाला टेकून उभा, बाबा मागावर, आई कांड्या भरते आहे, मी आणि तारा, दोघी बहिणी सूत उलगडतो आहोत. तीन तासांचा सिनेमा सांगायला तुला दोन दुपारी लागायच्या. रंगात आलास की बाबांचा हात आपोआप मंद व्हायचा आणि ते तुलाच ओरडायचे, म्हणे काम खोळंबवतो. समुद्र केवढा ते सांगायला तू अंबाझरी तलाव घेतला होतास आणि हात पसरून म्हणाला होतास, असे हजार.

तर काल तो समुद्र मी पाहिला. बरा आहे. नटी मला आवडली नाही, रडताना सुद्धा केस विंचरलेले. नवरा मात्र जीव तोडून काम करतो. आणि दादा, त्याची नाव परत येत नाही! तू तर सांगितलं होतंस, पहाटे ती नाव लागते, तो वाळूवर उतरतो आणि बायको दिवा विझवते. तसं काहीच नाही. ती दिवा लावूनच बसून राहते आणि सिनेमा संपतो.

आईला दिसत नाही म्हणून मी तिला सांगत असते, आता हे झालं, आता ते झालं. शेवटी सांगितलं, तो बुडाला.

"खोटं बोलून राहिली तू," आई म्हणाली. "नाव परत येते. बळीरामनं सांगतलं होतं मले."

"आई, मी डोळ्यानं पाहून राहिली ना."

"मंग टीव्हीवाल्याइनं कापला असन शेवट. बातम्याइले उशीर होऊन राहिला असन त्याइले."

गल्ली पोट धरून हसली. मीही हसले. तूही हसशील म्हणून लिहिलं.

प्रेमिला


१५ जुलै १९८५

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "आईची काळजी घे. मी सिनेमे पाहणं सोडलं." बारा वर्षांनी दोन वाक्यं, म्हणजे एकाला सहा वर्षं लागली. आईला वाचून दाखवलं तर तिने कार्ड हातात घेऊन नाकाशी धरलं आणि विचारलं, अक्षर तसंच आहे का.

सिनेमे कधी सोडलेस? तुझ्यासारखा माणूस सोडतो कसा? तसं पाहिलं तर पासष्टच्या हिवाळ्यानंतर तू आम्हाला एकही सिनेमा सांगितला नाहीस. हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं.

इकडे मी मात्र पक्की बिघडले आहे. गुरुवारी एक मालिका लागते. सासू, चार सुना, दिवसभर कुरबूर आणि शेवटी सगळ्या एकत्र बसून चहा पितात. मला पटत नाही. चार सुनांच्या घरात सगळ्यांचा चहा एका वेळी झालेला मी पाहिला नाही. ह्यांना फार आवडते. ह्यांना सासू एकच आहे आणि तीही यांच्याशी गोड बोलते, यांना काय कळणार.

काल दोघा भावांचा लागला होता. धाकटा जेलर, थोरला फाशीचा कैदी, आणि माफीची तार घेऊन एक शिपाई पुराच्या नदीतून येतो आहे. तुझ्या सिनेमात दोर गळ्यात पडतो, फळी हलते आणि तेवढ्यात दारातून आरोळी येते, थांबा! बाबांनी तेव्हा मागावरून उठून टाळी वाजवली होती. खऱ्यात तार पोचते तेव्हा फळी पडून गेलेली असते. धाकटा ती तार वाचतो, घडी घालतो आणि खिशात ठेवतो. मला तो शेवट आवडला, खोटं कशाला बोलू. पण रात्रीचं जेवण गेलं नाही.

मधे आणखी एक लागला होता, असे आता तीन झाले. तिन्ही सिनेमांत तू मेलेल्याला उठवलंस. लबाड आहेस. पण का केलंस तेही मला माहीत आहे. सगळ्यात पहिला जो तू सांगितलास, तो मुकी मुलगी विहिरीत पडते तो, तो ऐकून आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. बाबांनी तुला बदडलं होतं. त्यानंतर तुझ्या सिनेमांत कोणीच मेलं नाही. आई अजून टीव्हीवाल्यांनाच बोल लावते. तुझा शेवट तिच्या लेखी पक्का आहे.

आता मूळ काम. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आई रोज दुपारी मला हेच म्हणायला लावते आणि आता मला ते पाठ झालं आहे. चौसष्टच्या उन्हाळ्यात तारा त्या शिंप्याबरोबर जबलपूरला निघून गेली. बाबा म्हणाले, तिचं नाव या घरात काढायचं नाही. पासष्टच्या हिवाळ्यात बाबा सुतासाठी उमरेडला गेले, तेव्हा तू गुपचूप जबलपूरला जाऊन आलास. आल्यावर स्वयंपाकघरात आईला आणि मला बसवून सांगितलंस. निळ्या दाराचं घर. तुपाच्या डब्यात तुळस. पिंजऱ्यातला पोपट, तो विचारतो, "कौन आया?" तारा कणकेच्या हातांनी धावत आली, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, आणि तुझी बाही धरली तर बाहीवर कणकेची पाच बोटं उठली. म्हणाली, "आईले सांग, चूल पेटवताना मी रोज तिचं नाव घेतो." टांगा वळेपर्यंत ती दारात उभी होती.

आईने त्या रात्री पोटभर जेवण केलं होतं. पुढे तुझ्याकडूनच कळलं, मुलगा झाला, रविंद्र नाव ठेवलं. तू भिलाईला गेलास तरी दर दिवाळीला एक ओळ यायची, तारा खुशाल. मग बाबांच्या तेराव्याला म्हणालास, ते लोक आसामकडे गेले, पत्ता हरवला.

दादा, तो पत्ता शोध. जबलपूरला कोणी शेजारी असतील, शिंप्याचे कोणी भाऊबंद असतील. आईचा जीव त्यात अडकला आहे. पाठीला जखमा झाल्या आहेत, कूस बदलताना ओरडते, आणि तरी म्हणते, तारा आल्याशिवाय मी मरत नाही. हात चालत होते तोवर दर वर्षी तिच्यासाठी एक लुगडं विणून ट्रंकेत ठेवलं. रविंद्र मॅट्रिक झाला का, असं मला विचारते. मी काय सांगू?

प्रेमिला


१९ ऑगस्ट १९८५

दादा,

काल रविवार होता. सिनेमाचं नाव मी लिहीत नाही, तुला माहीत आहे.

मी कांदे चिरत होते, लक्ष नव्हतं. एक भाऊ बहिणीला शोधत परगावी येतो. टांग्यातून उतरतो. समोर दार आहे. आमचा टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे दाराचा रंग कळला नाही. दाराशी डब्यात तुळस होती. आणि आतून आवाज आला, "कौन आया? कौन आया?"

सुरी खाली पडली. ती आतून धावत आली, दादा, कणकेच्या हातांनी. कोपरापर्यंत बांगड्या. तिने त्याची बाही धरली. बाहीवर पाच बोटं उठली. मग तिने ते वाक्य म्हटलं, हिंदीत, चूल्हा जलाते वक्त माँ का नाम लेती हूँ. शब्दाला शब्द.

खाटेवरून आई बोलली, "प्रेमिला, ताराच्या घरी असाच पोपट होता ना वं?"

मी सुरी उचलली.

"देवानं आयकलं," आई म्हणाली. "तारा जवळ आली. आज मले थोडी खीर दे."

टांगा वळत होता आणि ती दारात उभी होती, तेवढ्यात लाईट गेली. गल्लीतले लोक कुरकुरत उठले. कांताबाई म्हणाली, नेमकी गंमत आली आणि गेली मेली. दोन तासांनी लाईट आली तेव्हा बातम्याही संपल्या होत्या.

कृष्णकांतभाऊ आठवतात ना, टॉकीजमध्ये मशीन चालवायचे ते? निवृत्त झाले. आज सकाळीच जाऊन त्यांना विचारलं. म्हणाले, पासष्टचं चित्र आहे, जबलपूरला आठवडाभर चाललं आणि पडलं, नागपुरात लागलंच नाही. मग म्हणाले, बळीरामनं पाहिलं असलं तर त्यालाच माहीत.

तू हा सिनेमा आम्हाला कधी सांगितला नाहीस. सगळे सांगितलेस, हा एक नाही.

आई कालपासून जेवते. काल खीर, आज वरणभात, दोन्ही वेळा मागून घेतलं. गेला आठवडाभर दुपारी डोळे मिटून कोणाशी तरी बोलत असते, आधी मला वाटायचं माझ्याशी. म्हणते, बस जराशी, एवढी घाई काहून करतं. मी पुढच्या खोलीत गेले की गप्प होते. फळीवरून चालले की खाली खड्डा पोकळ वाजतो. इतकी वर्षं वाजत असेल, मला आताशा ऐकू येतो. आज दुपारी टीव्हीची दारं मी बंद करून ठेवली. दारं बंद असली तरी मला वाटतं, आत ती टांगा वळायची वाट पाहत उभी आहे.

मला भीती वाटते. तुझ्यावर रागही आहे, पण भीती जास्त आहे.

तो सिनेमा पुढे कसा होतो ते मला माहीत नाही. तू पाहिला आहेस. खरा शेवट लिही. आईसाठी नाही, माझ्यासाठी लिही.

प्रेमिला


२३ सप्टेंबर १९८५

दादा,

तुझं पत्र आलं. चार पानं. एक महिना घेतलास. रोज पोस्टमन दिसला की मी आत जाऊन बसत होते.

पत्र मी मागे हौदाजवळ उभी राहून वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. आता तुझ्या चार पानांचं मी चार ओळींत लिहिते, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते तूच बघ.

ताराचं कार्ड आलं होतं. दिवस भरत आले आहेत, आईला पाठव, भीती वाटते. कार्ड तुझ्या हाती पडलं. बाबांना दाखवलं असतं तर त्यांनी चुलीत टाकलं असतं, म्हणून तू ते खिशात ठेवलंस आणि बाबा उमरेडला जायची वाट पाहिलीस. चार दिवस. पाचव्या दिवशी निघालास. तू पोचलास त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात ती गेली होती, मूलही गेलं होतं. शिंप्याने दोघांनाही एकत्र अग्नी दिला. तुला राख मिळाली. तू आणि तो नर्मदेवर गेलात. मग परतीच्या गाडीला सात तास होते, आणि ओल्या कपड्यांनी बसायला जागा नव्हती, म्हणून तू टॉकीजमध्ये जाऊन बसलास.

पडद्यावर ते दार उघडलं तेव्हा तू मोठ्याने रडलास आणि मागच्या माणसाने तुझ्या पाठीवर हात ठेवला, असं लिहिलं आहेस. एका खेळानंतर तू दुसऱ्यांदा तिकीट काढलंस. गाडी चुकवलीस. का, तेही लिहिलंस. तेवढ्या वेळापुरती ती दारात येते म्हणून.

आणि त्या सिनेमातही ती शेवटी मरते हे तू चौथ्या पानावर एका ओळीत लिहिलंस. ठीक आहे. मी विचारलं होतं.

दादा, मी तुला शिव्या द्यायला बसले होते. पहिलं पत्र लिहिलं ते शिव्यांचंच, ते फाडलं. तू तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होतास. बाबांच्या माराची भीती तुझी एकट्याची नव्हती, ती आम्हा सगळ्यांची होती. त्या चार दिवसांत मीही घरात होते. तुझ्या खिशात कार्ड आहे हे मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? कदाचित मीही बाबांची उमरेडची गाडी सुटायची वाट पाहिली असती. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला रात्रंदिवस हेच सुचत आहे.

पण त्या पोराचं नाव तू का ठेवलंस? रविंद्र. आई त्याला चेहऱ्याने ओळखते. म्हणते, कपाळ बाबांवर गेलं आहे. तू ते पण सांगितलं होतंस का, की तिनेच बनवलं?

तू लिहितोस, आईला सांगू नकोस, तिला शेवटचे चार दिवस सुखाने जाऊ दे. इतकी वर्षं घरी आला नाहीस त्याचं कारणही आता कळलं. तिच्यासमोर बसून तारा खुशाल म्हणणं तुला जमेना. बाबा गेले तेव्हा आलास आणि तेराव्या दिवशी पळालास. मी मात्र तिच्यासमोरच बसते, दादा. रोज.

दुसरी एक गोष्ट आहे, ती तुझ्या लक्षात आली नसेल. पितृपक्ष येतो आहे. बाबांची पंचमी आम्ही करतो. आजी, आजोबा, ज्याचं त्याचं पान निघतं. तारा सवाष्ण गेली, तिचा घास अविधवा नवमीला निघायला हवा होता, एक सवाष्ण जेवायला हवी होती. वीस वर्षं आम्ही ती जिवंत आहे म्हणून काढला नाही. जिवंत माणसाचा घास कोण काढतो? आई ट्रंकेत लुगडी ठेवत राहिली, आणि ज्या एका दिवशी तिला द्यायचं त्या दिवशी आमच्या घरात चूल सुद्धा वेगळी पेटली नाही. मला हे सोसत नाही. मी हे सगळं मानते की नाही हे मलाच ठाऊक नाही, तरी सोसत नाही.

आईला सांगणार नाही. पण नवमी मी करणार.

प्रेमिला


८ ऑक्टोबर १९८५

दादा,

काल नवमी झाली. जसं झालं तसं लिहिते.

मी तुझं ऐकायचं ठरवलं होतं. आई जेवून दुपारी झोपते, तेव्हा मागच्या चुलीवर वडे, कढी, खीर करायची, कांताबाईला सवाष्ण म्हणून हळूच जेवू घालायची, पान गच्चीवर ठेवायचं, झालं. कांताबाईला सांगितलं, ह्यांच्या आत्याबाई गेल्या होत्या त्यांचं आहे. आईने विचारलंच तर सांगणार होते, वडे खावेसे वाटले. एका दिवसाला दोन खोटी तयार ठेवली होती. तुझीच बहीण आहे मी.

आई झोपली नव्हती. वड्यांचा वास तिच्यापर्यंत गेला. पुढून विचारलं, "पंचमी तं झाली वं. आज काय आहे?"

"काही नाही आई. खावेसे वाटले."

मला वाटलं पटलं. मग कांताबाई आली. मी तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, आणि ती नेहमीच्या आवाजात बोलली, तिचा आवाज तुला माहीत आहे, गांधीबागेपर्यंत जातो. "अवं, पुरे ना, पाय ओले करून राहिली किती!"

"कांता," आईने हाक मारली. "तू जेवायले आली का?"

"हो मावशी. प्रेमिलानं सवाष्ण सांगतली ना आज."

मी हातात तांब्या घेऊन उभी होते. मग आईने मला बोलावलं. मी खाटेपाशी गेले तर तिने माझं मनगट शोधून धरलं.

"आपल्या घरात नवमी नाही राहत. कोणती अहेव मेली आपल्या घरातली?"

दादा, आत्याबाईंचं नाव माझ्या जिभेवर होतं. म्हटलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं, ती आमची ऐकूनच घेत आली आहे. तिचे डोळे माझ्याकडे होते, नेमके माझ्या तोंडावर नाही, थोडे बाजूला, जिथे टीव्ही आहे तिकडे. मला नाही जमलं.

"तारा," मी म्हणाले.

"कधी?"

"पासष्टमध्येच, आई. बाळंतपणात. दादा पोचला त्याच्या आदल्या दिवशी."

"अन् पोरगा?"

"तोही नाही."

बराच वेळ तिने मनगट सोडलं नाही. मग म्हणाली, "मंग तो पोपट?"

"सिनेमातला होता, आई."

ती रडली नाही. मला वाटलं आता इथेच जाते की काय. कांताबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून ऐकत होती. मग आई जे बोलली ते तसंच लिहिते, तू मोठा आहेस, सोस. "इतके वर्ष माही पोर उपाशी ठेवली त्यानं. सगळे पितर येऊन जेवून गेले या घरी. तारा दारात उभी राहून परत जात असन. कोणी ये सुद्धा नाही म्हटलं तिले."

मग म्हणाली, "कांता, इथं बस. माह्याजवळ बसून जेव."

पान पुढच्या खोलीत मांडलं. कांताबाईला घास जाईना, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आई खाटेवर कान देऊन पडली होती. "अजून वाढ तिले. कढी वाढ. वडा घे, कांता. ताराले वडे आवडत." कांताबाईने किती खाल्लं असेल, दादा! त्या बाईने काल माझ्या बहिणीसाठी जेवण केलं, हे मी विसरायची नाही. शेवटी आई म्हणाली, "झालं का पोट भरून?" कांताबाई म्हणाली, "भरलं मावशी." आई म्हणाली, "असं नाही. मावशी नोको म्हणू आता. आई म्हण." कांताबाईने म्हटलं.

त्यानंतर तिने आंघोळ मागितली. मृत्यूची बातमी ऐकली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग ती वीस वर्षांनी का ऐकेना. मी म्हटलं, अंग पुसून देते, डॉक्टरांनी हलवायला मनाई केली आहे. ऐकेना. ह्यांना गोदामातून बोलावलं. कांताबाईचा नवरा आला. चौघांनी खाट उचलून अंगणात नेली आणि मी खाटेवरच तिच्या डोक्यावरून पाणी घातलं. पहिल्या तांब्याला हाडातून कळ गेली असेल, किंचाळली. दुसऱ्याला ताराचं नाव घेतलं. त्यानंतर मी ओतत राहिले आणि ती रडत राहिली. आपली आई अशी रडू शकते हे मला माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही. गल्लीतल्या बायका दारात आल्या आणि कोणी काही न विचारता आपापल्या घरी जाऊन आंघोळी करून आल्या.

संध्याकाळपर्यंत तिला ताप भरला. रात्री तिने विचारलं म्हणून राखेचं आणि नर्मदेचं तेवढं सांगितलं. आज सकाळी डॉक्टर येऊन गेले. माझ्यावर फार चिडले, चिडू देत. म्हणाले, आठ दिवस, फार तर पंधरा. खीर, वरणभात सगळं बंद झालं. पाणी घेते. दुपारी कोणाशी बोलत नाही आता. पुढची खोली शांत आहे. तू म्हणशील मी तिचे सुखाचे दिवस घेतले. घेतले. मला त्याचं काय वाटतं ते मी तुला कधीतरी समोर सांगेन.

आत्ता दहा मिनिटांपूर्वी तिने मला कागद घेऊन बसायला सांगितलं. म्हणाली, त्याले लिह. मी विचारलं, काय लिहू?

"लिह, मी तुह्याशी बोलणार नाही."

लिहिलं. म्हटलं, अजून?

"मुखाकडे पाहणार नाही म्हणा. तसंही मले दिसत नाही."

तेही लिहिलं. मग डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. मी पेनाचं टोपण लावलं तर म्हणाली, "लावलं काहून? अजून आहे." आणि मग एकेक शब्द थांबून सांगितला. "ताराची राख आपल्या घरून त्यानं एकट्यानं नेली. वीस वर्ष एकटाच सुतकात बसला तो. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला असन का? त्याले म्हणा, आता घरी ये. लवकर ये म्हणा. मी त्याच्यासाठी थांबून राहिली."

दादा, भिलाईहून सकाळची गाडी दुपारी इथे पोचते. ती तुझ्याशी बोलणार नाही, हे तिने मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तरी ये. कोणी जायची वाट पाहू नकोस, पत्र मिळेल त्याच दिवशी नीघ.

प्रेमिला